क्षेपणास्त्र नेमकं कुठे पडलं, हे का सांगत नाहीत?

लंडनच्या पश्चिमेला चिझिक नावाचं उपनगर आहे. ८ सप्टेंबर १९४४ च्या संध्याकाळी, पावणेसातच्या सुमाराला, तिथल्या स्टेव्हली रोडवर प्रचंड स्फोट झाला. आकाशात विमान नव्हतं, धोक्याचा भोंगा वाजला नव्हता. रस्त्याच्या मधोमध भलामोठा खड्डा पडला, दोन्ही बाजूंची घरं बसली, तीन माणसं गेली. त्यांत एक तीन वर्षांची मुलगी होती.

आदल्याच दिवशी डंकन सँडिस या मंत्र्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं, की लंडनची लढाई संपली, आता झालेच तर शेवटचे एखाद-दोन वार. आणि दुसऱ्या दिवशी हे. सरकारने स्फोटाचं कारण जाहीर केलं नाही. गॅसची मोठी वाहिनी फुटली अशी बोलवा उठली आणि ती कुणी खोडूनही काढली नाही. पुढे आज इथे, उद्या तिथे असे 'गॅसचे स्फोट' व्हायला लागले, तेव्हा लंडनकर त्यांना 'उडते गॅसपाइप' म्हणायला लागले. हे जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण आहेत, असं पंतप्रधान चर्चिल यांनी संसदेत सांगितलं ते थेट १० नोव्हेंबरला. म्हणजे दोन महिने लंडनवर अग्निबाण पडत होते, माणसं मरत होती, आणि काय पडतंय हे सरकार बोलत नव्हतं.

हा प्रश्न जुना नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा आपण सगळ्यांनी चार रात्री फोन हातात धरून काढल्या. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण एकमेकांवर मारा करत होते, तेव्हाही बातम्यांत 'देशाच्या मध्य भागात', 'उत्तरेकडे' एवढंच यायचं. गाव नाही, रस्ता नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, सरकार लाज झाकतंय. कधी कधी ते खरंही असतं. पण या लपवाछपवीमागे एक खरंखुरं, तांत्रिक कारण आहे. ते नीट कळलं, तर कोणती लपवणूक रास्त आणि कोणती नाही, हे आपलं आपल्यालाच ओळखता येतं.

भिंतीपलीकडचं झाड

कैऱ्या पाडायला गेलोय, पण झाड भिंतीपलीकडे आहे. दगड मारणाऱ्याला झाड दिसत नाही. मग एक जण भिंतीवर चढून बसतो आणि सांगत राहतो, "लांब गेला... अजून थोडा अलीकडे... हां, आता डावीकडे." दगड मारणाऱ्याच्या दंडात जोर असतो, पण नेम असतो भिंतीवरच्या पोराच्या तोंडात. त्याने तोंड मिटलं, तर दगड वाया जातात. आणि तो पोरगा फितूर झाला, मुद्दाम चुकीचं सांगायला लागला, तर झाडाचं पानही हलत नाही. मारणाऱ्याला मात्र वाटत राहतं, की आपण जवळ जवळ चाललोय.

तोफखान्याचं काम असंच चालतं. गोळा पंधरा-वीस किलोमीटरवर पडतो, तोफेजवळच्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून पुढे उंचावर एक निरीक्षक बसवतात. आपल्या फौजेत त्या जागेला 'ओपी' म्हणतात. कारगिलच्या युद्धात तोलोलिंगसारखी शिखरं परत घेणं इतकं निकडीचं का होतं? तिथे बसलेल्या पाकिस्तानी निरीक्षकांना खालचा श्रीनगर-लेह रस्ता तळहातासारखा दिसत होता आणि त्यांच्या सांगण्यावरून तोफा त्या रस्त्यावर मारा करत होत्या.

क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटर जातं. तिथे शत्रूला डोंगरमाथ्यावर निरीक्षक बसवता येत नाही. मग त्याचा निरीक्षक कोण? तुमचं वर्तमानपत्र, तुमचा टीव्ही, तुमच्या गच्चीवरचा फोन. सेन्सॉर जे झाकायला धावतो, ते मुळात हे.

नाकावरचा छोटा पंखा

हे सगळं सर्वांत स्पष्ट दिसतं ते व्ही-१ च्या गोष्टीत. व्ही-२ च्या आधीचं हे जर्मन अस्त्र. १३ जून १९४४ ला पहिले व्ही-१ इंग्लंडवर आले. दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

व्ही-१ म्हणजे वैमानिक नसलेलं छोटं विमान. पोटात साधारण ८५० किलो स्फोटकं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या चढत्या रुळांवरून ते फेकत. ते भुणभुणत, ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने वीस-पंचवीस मिनिटांत लंडनवर येई. दिशा सांभाळायला आत जायरो होता. पण लंडन आलं, आता खाली जायचं, हे त्याला कळायचं कसं? त्याच्या नाकावर एक छोटासा पंखा होता. हवेच्या झोताने तो फिरायचा आणि त्याच्या फेऱ्या एक गणकयंत्र उलटं मोजत जायचं. निघण्यापूर्वी जर्मन सैनिक अंतराचा हिशेब करून आकडा लावून ठेवत. आकडा शून्यावर आला, की शेपटीकडची फळी फिरायची आणि बॉम्ब नाक खाली करून कोसळायचा. त्या झटक्यात इंजिन बंद पडायचं. लंडनकर हेच ऐकायला कान टवकारून बसत. भुणभुण चालू आहे तोवर आपण वाचलो. ती थांबली, की जमिनीवर झोपायचं आणि मनात आकडे मोजायचे.

आता त्या सैनिकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे, तो आकडा. बॉम्ब लंडनच्या अलीकडे पडत असतील, तर आकडा वाढवायचा. पलीकडे जात असतील, तर कमी करायचा. त्याचा नेम टॉवर ब्रिजवर होता. बॉम्ब प्रत्यक्षात पडत होते सरासरी काही किलोमीटर अलीकडे, म्हणजे आग्नेय लंडनमध्ये, डलिचच्या बाजूला. एवढी एकच गोष्ट त्याला कळली असती, तर आकडा जरा वाढवून त्याने मारा थेट शहराच्या काळजात नेला असता.

हे कळायला त्याच्याकडे मुख्य वाटा तीन होत्या. आकाशातून फोटो घ्यायचे, ते १९४१ च्या सुरुवातीपासून जर्मन विमानांना लंडनवर येऊन जमलेलं नव्हतं. दुसरी वाट ब्रिटिश वर्तमानपत्रांची. तटस्थ पोर्तुगालमधून, लिस्बनमार्गे, ती जर्मनांच्या हाती पडत. आणि तिसरी वाट हेरांची.

वर्तमानपत्रांचा बंदोबस्त लगेच झाला. १६ जूनपासून हुकूम निघाला की जागा सांगायची नाही, 'दक्षिण इंग्लंड' एवढंच लिहायचं. पण जागा न छापताही ती फुटू शकते, हे सेन्सॉरांच्या लक्षात आलं. लोक निधनाच्या जाहिराती देतात. 'शत्रूच्या हल्ल्यात मृत्यू' आणि खाली पत्ता. एकाच टपाल विभागातल्या अशा पाच-दहा जाहिराती एका आठवड्यात दिसल्या, की नकाशावर टिंब काढायला शत्रूला दुसरं काही लागत नाही. म्हणून एका विभागातल्या अशा जाहिराती किती छापायच्या यावरही मर्यादा आली. घरातलं माणूस गेलंय आणि ते कसं गेलं हे छापायला जागा नाही. या एका नियमात किती घरांचं दुःख दडपलं गेलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वेळ खरी, जागा खोटी

हेरांचं प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचं. इंग्लंडमधले जर्मन हेर ब्रिटिशांनी पकडून आपल्या बाजूला वळवले होते. बर्लिनला वाटे आपले हेर निरोप पाठवताहेत. ते निरोप लिहीत होते ब्रिटिश अधिकारी. हे काम बघणाऱ्या समितीचं नाव 'ट्वेंटी कमिटी', कारण रोमन आकड्यांत वीस म्हणजे दोन फुल्या, आणि दोन फुल्यांचा इंग्रजी अर्थ दुहेरी दगाबाजी. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन मास्टरमन तिचे अध्यक्ष होते.

या हेरांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे हुआन पुजोल, बार्सिलोनाचा स्पॅनिश माणूस. ब्रिटिशांनी त्याला 'गार्बो' असं नाव दिलं होतं. त्याने जर्मनांना पटवलं होतं की आपल्या हाताखाली सत्तावीस हेर आहेत. सत्तावीसच्या सत्तावीस कल्पनेतले. नॉर्मंडीचं आक्रमण ही नुसती हूल आहे, खरा हल्ला पुढे कॅलेच्या किनाऱ्यावर होणार, हे जर्मनांच्या गळी उतरवण्यात त्याचा मोठा वाटा होता. जून-जुलैमध्ये ती हूल अजून चालू होती.

आणि नेमक्या त्याच वेळी जर्मनांनी त्याला विचारलं, आमचे बॉम्ब कुठे पडताहेत, कळव.

काय कळवायचं? खरं सांगितलं, तर लंडनवरचा नेम सुधारतो. साफ खोटं सांगितलं आणि उद्या जर्मनांना एखादा फोटो मिळाला, तर गार्बो उघडा पडतो आणि त्याच्याबरोबर कॅलेची हूलही. गप्प बसलं, तर हा कसला हेर?

तोड काढली ती आर. व्ही. जोन्स या तिशीतल्या शास्त्रज्ञाने. हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात तो विज्ञानाचं काम बघायचा. कल्पना कळायला एक उदाहरण घेऊ. ठिकाणं आणि वेळा मी समजावण्यापुरत्या धरतो. समजा, अकरा वाजता एक बॉम्ब नेमाच्या पलीकडे, वायव्येला हॅम्पस्टेडमध्ये पडला. अकरा-चाळीसला दुसरा अलीकडे, आग्नेयेला लुईशममध्ये पडला. हेराने कळवायचं, 'हॅम्पस्टेडमध्ये बॉम्ब पडला, वेळ अकरा-चाळीस.' हॅम्पस्टेडमध्ये बॉम्ब पडला हे खरं. अकरा-चाळीसला बॉम्ब पडला हेही खरं. उद्या फोटो आला, तरी हॅम्पस्टेडमधली पडकी घरं त्यात दिसतील. खोटी आहे ती फक्त दोघांची सांगड. आता फ्रान्समधला तो जर्मन आपली वही उघडतो. अकरा-चाळीसला पोचलेला बॉम्ब म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला सोडलेला. तो नेमाच्या पलीकडे गेला म्हणतात. म्हणजे आपला आकडा जास्त आहे. तो आकडा कमी करतो आणि आधीच अलीकडे पडणारा मारा आणखी अलीकडे सरकतो.

या डावात खरी किंमत जागेपेक्षाही वेळेला आहे, हे ध्यानात घ्या. शत्रूला स्वतःची सोडायची वेळ माहीत असते. त्याला आपल्याकडून पडण्याची जागा आणि पडण्याची वेळ यांची जोडी हवी असते. जोडी जुळली, की त्याची वही पूर्ण होते. जोडी मोडली, की नुसती जागा किंवा नुसती वेळ त्याच्या फारशी कामाची नाही. आजचे सेन्सॉरचे नियमही याच जोडीभोवती फिरतात.

जर्मनांकडे खरं कळण्याचा आणखी एक मार्ग होता. काही बॉम्बमध्ये त्यांनी छोटे रेडिओ बसवले होते, आणि बॉम्ब कुठे पडतो हे त्यावरून टिपलं जात होतं. ते रेडिओ सांगत होते की मारा अलीकडे पडतोय. हेर सांगत होते, पलीकडे जातोय. जर्मन अधिकाऱ्यांनी विश्वास ठेवला हेरांवर. यंत्रात बिघाड असेल असं त्यांनी मानलं.

गार्बोवरचा प्रश्नांचा भडिमार थांबवायला ब्रिटिशांनी एक नाटकही केलं. जुलैच्या सुरुवातीला जर्मनांना निरोप गेला की बॉम्ब पडल्या जागी चौकशा करताना गार्बोला पोलिसांनी पकडलं. काही दिवसांनी तो 'सुटला'. बर्लिनने त्याला बजावलं, आता त्या कामात पडू नकोस. त्याच महिन्याच्या अखेरीला जर्मनीने त्याला आयर्न क्रॉस दिला. वर्षअखेर ब्रिटिशांनीही त्याला सन्मानपदक दिलं.

आग्नेय लंडनला कुणी विचारलं?

इथवरची गोष्ट हुशारीची आहे. पण हा बॉम्ब समुद्रात पडत नव्हता. एका वस्तीवरून सरकवला, की तो दुसऱ्या वस्तीवर पडत होता. शहराचा दाट मध्यभाग वाचवायचा, म्हणजे दक्षिणेकडच्या आणि आग्नेयेकडच्या वस्त्यांनी तो अंगावर घ्यायचा. जोन्सला हे पुरतं ठाऊक होतं. त्याची स्वतःची शाळा डलिचमध्ये, आई-वडीलही त्याच बाजूला राहत होते.

मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांनी याला कडाडून विरोध केला. ते गृहमंत्री, अंतर्गत सुरक्षेचे मंत्री, पोलीस शिपायाच्या घरी दक्षिण लंडनमध्येच वाढलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अमुक माणसांनी मरावं म्हणजे तमुक वाचतील, हे ठरवायचा अधिकार सरकारला कुणी दिला? मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात यावर आठवडेच्या आठवडे काथ्याकूट झाला. दरम्यान हेरांचे निरोप जातच राहिले.

यात मला मॉरिसनही पटतात आणि जोन्सही. मारा दाट वस्तीकडून विरळ वस्तीकडे सरकला, तर एकूण मरणारे कमी होतात, हे गणित खोटं नाही. ६ जुलैला चर्चिलनी संसदेत आकडे दिले होते, तोवर २,७५४ बॉम्ब सोडले गेले आणि २,७५२ माणसं गेली. बॉम्बमागे एक माणूस. शहराच्या मध्यावर हेच प्रमाण कितीतरी वाढलं असतं. पण क्रॉयडनमधल्या बाईने, जिथे व्ही-१ सर्वांत जास्त पडले, हे गणित ऐकलेलंच नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही, आणि नंतर सांगितलंही नाही. मास्टरमन यांनी हा सगळा हिशेब १९७२ साली छापून प्रसिद्ध केला. तोवर त्या वस्त्यांतली एक पिढी, आपल्याच वाट्याला इतकं का आलं हे न कळताच गेली.

या युक्तीने नेमके किती जीव वाचले, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. व्ही-२ च्या बाबतीत मास्टरमन यांनी लिहून ठेवलंय की २० जानेवारी ते १७ फेब्रुवारी १९४५ या चार आठवड्यांत माऱ्याचा मध्यबिंदू दर आठवड्याला सुमारे दोन मैल पूर्वेला सरकत गेला. व्ही-२ पाच मिनिटांत येई, त्यामुळे सोडण्याची आणि पडण्याची वेळ जुळवणं आणखी सोपं, आणि वेळेचा हा खेळही तितकाच परिणामकारक.

२५ नोव्हेंबर १९४४, शनिवारची दुपार. आग्नेय लंडनमधल्या न्यू क्रॉसच्या वूलवर्थ दुकानात झुंबड होती. एक व्ही-२ थेट त्या दुकानावर पडला. १६८ माणसं गेली. तो अग्निबाण हेरांच्या निरोपामुळे तिथे आला, असं कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण लपवाछपवीची चर्चा करताना तो पत्ता डोळ्यांसमोर असायला हवा.

मुंबईची गोदी: शत्रूला माहीत, आपल्याला नाही

त्याच वर्षी आपल्याकडे जे घडलं, ते या सगळ्याची दुसरी बाजू दाखवतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दोन महास्फोट झाले. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जागीच गेले. सगळे मिळून आठशेच्या वर माणसं गेली. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. अनेकांना वाटलं, जपान्यांनी बॉम्ब टाकले. आजही १४ एप्रिलला अग्निशमन दिवस पाळतात तो याच जवानांसाठी.

मुंबईतल्या लाखो माणसांनी हा आवाज ऐकला होता. तरीही सरकारने बातमी दाबली. आणि दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने या स्फोटांचा तपशीलवार वृत्तांत जगाला ऐकवला. बातमीदारांना आपल्या बातम्या बाहेर पाठवायची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

इथे शत्रूचा कोणता नेम चुकवायचा होता? कोणी मारलेलंच नव्हतं. फार तर गोदी किती दिवस बंद राहणार हे लपवायचं होतं, पण शत्रूला ते एका दिवसात कळलं होतं. कळलं नाही ते आपल्या लोकांना. मी सेन्सॉरशिपचं प्रत्येक प्रकरण या दोन टोकांच्या मधे ठेवून बघतो. एका टोकाला व्ही-१ ची वेळ आणि जागा, दुसऱ्या टोकाला मुंबईची गोदी.

आता तर क्षेपणास्त्रं स्वतःच वाट ओळखतात

मग आज हे सगळं कालबाह्य झालं का? उपग्रह आहेत, क्षेपणास्त्रात दिशादर्शक यंत्रणा आहे, नाकावरचा पंखा कधीच गेला. काही प्रमाणात हे खरं आहे. पण उपग्रह हवा त्या क्षणी डोक्यावर असेलच असं नाही, ढग आडवे येतात, आणि दुसरा वार करायचा की नाही हे शत्रूला पुढच्या काही तासांत ठरवायचं असतं. गच्चीवरून काढलेला व्हिडिओ त्याला दोन मिनिटांत मिळतो.

आणि त्या व्हिडिओत काय काय असतं! मागे पाण्याची टाकी, दुकानाची पाटी, मोबाइलचा टॉवर. त्यावरून जागा निघते. झगमगाट दिसला आणि धडाका नऊ सेकंदांनी ऐकू आला, तर स्फोट तुमच्यापासून साधारण तीन किलोमीटरवर. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, हे शाळेतलं गणित. असे दोन-तीन ठिकाणचे व्हिडिओ मिळाले, की नकाशावर बिंदू काढता येतो. त्याहून मोलाची आहे ती जमिनीवरून वर जाणारी धुराची रेघ. ती आपल्या बचावाच्या क्षेपणास्त्राची असते आणि तिच्या बुडाशी ते सोडणारी आपली यंत्रणा असते.

युक्रेनने हे फार लवकर ओळखलं. मारा झाल्याची जागा आणि हवाई बचावाचं काम दाखवण्यावर त्यांनी मार्च २०२२ मध्येच निर्बंध आणले, आणि पत्रकारांसाठी थेट घड्याळ लावलं. नागरी ठिकाणी मारा झाला असेल तर तीन तासांनंतर दाखवा, लष्करी ठिकाणी असेल तर बारा तासांनंतर. जानेवारी २०२४ मध्ये कीव्हमधले इमारतींवरचे दोन कॅमेरे त्यांच्या सुरक्षा यंत्रणेने बंद केले. रहिवाशांनी पार्किंगवर नजर ठेवायला वगैरे लावलेल्या अशा कॅमेऱ्यांत रशियाने शिरकाव करून घेतला होता, आणि त्यांतून शहरावरचा मारा पाहिला जात होता.

घड्याळ लावण्याची ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. लपवणार हे सांगितलंय, किती वेळ तेही सांगितलंय. तीन तासांनी शत्रूची वही बंद झालेली असते, आणि लोकांना आपल्या गल्लीत काय झालं ते कळतं.

इस्रायलची पद्धत वेगळी आहे. तिथे कायमचा लष्करी सेन्सॉर आहे, आणि त्याचा कायदा ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनमध्ये १९४५ साली केलेल्या नियमांतून आलेला आहे. जून २०२५ च्या बारा दिवसांच्या युद्धात, पडल्या जागेचं चित्रण दाखवण्यापूर्वी सेन्सॉरची परवानगी घ्यावी लागे. नागरी इमारतींची पडझड जगाला दिसली. पण लष्करी तळांवर काय झालं ते दिसलं नाही. पुढे जुलैत, ओरेगन राज्य विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या रडार-उपग्रह माहितीवरून, पाच तळांवर मारा झाल्याचं ब्रिटनच्या 'टेलिग्राफ'ने छापलं. पलीकडे इराणने तर जवळपास सगळं इंटरनेटच बंद केलं होतं.

लपवणुकीचा दुसरा हेतू इथे पुढे येतो. जागा लपवली, की आपला बचाव कुठे फसला हेही आपोआप लपतं. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने इस्रायलवर सुमारे चाळीस स्कड क्षेपणास्त्रं सोडली. अमेरिकेची 'पेट्रियट' यंत्रणा त्यांना हवेतच पाडते, असं तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगितलं गेलं. युद्धानंतर एमआयटीचे थिओडोर पोस्टॉल यांनी टीव्ही कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रफीत एकेक चौकट करून तपासली आणि पेट्रियटला यश जवळजवळ आलेलंच नाही, असं मांडलं. त्यावर वाद झाला, पण अमेरिकी सैन्यालाही आपले मूळ आकडे खाली आणावे लागले. ती चित्रफीत कुणी काढूच दिली नसती, तर लोकांचे प्राण ज्या यंत्रणेच्या भरवशावर आहेत ती चालते की नाही, हे विचारायला काही आधारच उरला नसता.

आपल्याकडे

२६ नोव्हेंबर २००८ नंतरचे तीन दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना वाहिन्यांनी थेट दाखवले, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्ही बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात यावरून वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावलं. आज केबल टीव्हीच्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे की अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यायची. एप्रिल-मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांना आणि समाजमाध्यमांवरच्या सगळ्यांना याचीच आठवण करून दिली, तेव्हा कारगिल, २६/११ आणि कंदाहार ही तीन नावं घेतली.

ती सूचना रास्त होती. पण त्या चार रात्रींत आपल्या फोनवर काय आलं? हझिरा बंदरावर हल्ला झाल्याचा म्हणून जो व्हिडिओ फिरत होता, तो २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा निघाला. तो खोटा असल्याचं सरकारच्याच सत्यशोधन विभागाला सांगावं लागलं. काही वाहिन्यांनी तर नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं रात्रभर चालवलं. खरी माहिती थोपवलेली असते तेव्हा रिकामी जागा रिकामी राहत नाही. १९४४ मध्ये ती गॅसच्या स्फोटाने भरली, २०२५ मध्ये जुन्या व्हिडिओंनी. म्हणून जो थोपवतो, त्याने ठरावीक वेळाने बोलायलाही हवं. दर काही तासांनी एक अधिकारी समोर आला, हे झालं, हे झालं नाही, एवढं जरी म्हणाला, तरी निम्म्या अफवा बसतात.

आता कुठल्याही युद्धात 'जागा जाहीर केलेली नाही' असं ऐकलं, की मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. शत्रूला हे आधीच कळलेलं आहे का? ही लपवणूक किती तासांची आहे, आणि ते सांगितलंय का? आणि पडझडीखाली सापडलेल्या माणसांच्या घरच्यांना तरी खरं कळलंय का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' असेल, तर तिथे मुंबईच्या गोदीचीच गत आहे. आणि माझ्या स्वतःच्या गच्चीवरून काही दिसलं, तर मी फोन खाली ठेवीन. घरच्यांना 'आम्ही सुखरूप आहोत' एवढं कळवीन, व्हिडिओ पाठवणार नाही.

चिझिकमध्ये त्या स्फोटाची खूण म्हणून एक छोटं स्मारक आहे. पहिला व्ही-२ इथे पडला, असं सांगणारं. ते बसवलं गेलं २००४ साली, बरोबर साठ वर्षांनी.